सौदा न झालेले तीनशे चार दिवस

४ फेब्रुवारी, मंगळवार

सप्टेंबरपासून या वहीकडे फिरकले नाही. माफी वहीची मागायची की स्वतःची ते ठरत नाही, म्हणून दोघींचीही मागून टाकते. कामाचं कारण देता येईल, पण ते खरं नाही. लिहून ठेवावं असं काही हातून घडलंच नव्हतं. एकोणीस वर्षं लोकांच्या कंपन्यांच्या किमती काढते आहे. बहुतेक वेळा किंमत आधी ठरलेली असते आणि मी ती कशी आली हे मागाहून शोधून देते. हे वाक्य असं लिहिलेलं वाचायला बरं वाटत नाही. खोडणार मात्र नाही.

आज साहेबांनी बोलावून घेतलं. औषधांच्या बाटल्या करणारा एक काचकारखाना आहे. एकाहत्तर टक्के शेअर मालकांच्या घरात, उरलेले एकोणतीस टक्के सहाशेएक निवृत्त कामगारांकडे. तेजीच्या काळात बोनसच्या बदल्यात दिलेले. आता मालकांना ते सगळे परत विकत घेऊन कंपनी बाजारातून काढायची आहे. एकदा दर ठरला की कामगारांना विकावंच लागेल, मर्जीचा प्रश्न नाही. म्हणून दर त्रयस्थाने काढायचा. ते त्रयस्थ आम्ही. आमचा दर तपासून मंजूर करायला तिघांची एक समिती नेमलीय.

"समितीने खास तुझं नाव मागितलंय," साहेब म्हणाले. "सही तुझी एकटीची राहील. एवढ्या वर्षांनी आता मी कशाला मध्ये लुडबुड करू?" शिवाय कोपऱ्यातली खिडकीवाली खोली दिली. दारावर 'मूल्यमापन विभागप्रमुख' अशी पाटीही लागली, स्क्रू अजून चमकतायत. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत उगाच दोनदा बाहेर जाऊन आत आले.

घरी सांगितलं. नवरा वह्या तपासत होता. तो शाळेत भूगोल शिकवतो. म्हणाला, "एकटीची सही? आणि साहेबांची?"

"त्यांना गरज वाटत नाही."

"हं," म्हणाला, आणि पुढची वही उघडली. याला माझं कौतुक कधी धड करताच येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला हिशेब झाला. मुद्दाम साध्या शब्दांत लिहिते, कारण साध्या शब्दांत लिहिता आलं नाही तर मलाच कळलेलं नाही असं समजावं.

शेअर घेणारा माणूस धोका पत्करतो, म्हणून त्याला ठेवीपेक्षा जास्त परतावा हवा असतो. किती जास्त? बिनधोक परतावा सात टक्के. सगळ्या बाजाराचा धोका घेण्याबद्दल वर आणखी सहा. पण प्रत्येक शेअर बाजाराइतकाच हलतो असं नाही. बाजार एक हलला तर हा शेअर किती हलतो, त्या आकड्याला बीटा म्हणतात. त्या सहाला बीटाने गुणायचं आणि सातात मिळवायचं. झाला भांडवलाचा खर्च, म्हणजे भागधारकाला हवा असलेला परतावा. आणि इथेच खरी मेख आहे. हा परतावा जितका जास्त धरू, तितकी उद्याच्या कमाईची आजची किंमत कमी. मालकांना बीटा मोठा हवा, कामगारांना लहान.

मी दोन वर्षांचे रोजचे भाव घेतले. बीटा आला पॉइंट सहा. परतावा १०.६ टक्के. पुढच्या वर्षी शेअरमागे बारा रुपये हाती येतील, दरसाल चार टक्के वाढतील, तर किंमत एकशे ब्याऐंशी. बाजारात तो नव्वदच्या आसपास रेंगाळतो आहे.

साहेबांना दाखवलं. ते हसले. "अगं, औषधाच्या बाटल्या असल्या तरी काच आहे ती. फुटते." आणि एक यादी सरकवली. काचेच्या सहा कंपन्या, त्यांच्या बीटांची सरासरी दीड. परतावा सोळा टक्के. किंमत बरोबर शंभर.

"इतकी गोल?" मी विचारलं.

"गोल आकड्याचं काय वाकडं आहे? बीटा म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? मत असतं ते."

"मत कशावरून झालं ते लिहावं लागेल, साहेब."

"लिही ना. यादी दिली की मी."

नाही लिहिणार. त्यांना तसं म्हटलं नाही, 'बघते' म्हटलं. पण इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या पाय मागे घेतला तर वही साक्षीला असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नियमाप्रमाणे छोट्या भागधारकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्यांच्या वतीने एक गृहस्थ आले. एकतीस वर्षं भट्टीवर होते, सगळे त्यांना भट्टीकाकाच म्हणतात. खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, उजेडात धरली, तळ बघितला आणि ठेवून दिली.

"आमची नाही," म्हणाले. "आमच्या तळाला बुडबुडा नसतो."

मी आमची पद्धत समजावली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे बाजार हलला की आमचा कारखाना किती हलतो, एवढंच तुम्हाला बघायचंय ना, ताई?"

"साधारण तेवढंच."

"मग लिहा, हलत नाही. बाजार पडला म्हणून कुणी खोकायचं थांबतं का?"

मी हसले. हसायला नको होतं, मी त्रयस्थ आहे. पण मनात पॉइंट सहा होता, आणि माझा आकडा आणि यांची अक्कल एकाच जागी येऊन थांबलीयत याचा आनंद झाला.

मग ते शेअरबद्दल बोलायला लागले. "कागद म्हणून चांगला, ताई, पण अडीनडीला कामाचा नाही. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा शंभर विकायला काढले. बारा दिवस गिऱ्हाईक नाही. दलाल म्हणायचा, काका, नव्वद भाव दिसतोय. मी म्हटलं, अरे, दिसतोय पण घेतोय कोण?"

जाताना दारातली पाटी वाचली. "तुमच्यावर आहे आता," म्हणाले. मी म्हटलं, माझ्यावर नाही, आकड्यांवर आहे. ते म्हणाले, "आकडे काय आपणहून चालत येतात?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिसतोय, पण घेतोय कोण.

सकाळी दात घासताना ते वाक्य परत ऐकू आलं. ऑफिसात पोचल्यावर पर्ससुद्धा न ठेवता रोजच्या भावांचा तक्ता उघडला. शेजारी सौद्यांचा रकाना होता. तो मी लपवून ठेवला होता, पडद्यावर जागा हवी म्हणून.

चारशे ब्याण्णव दिवसांपैकी सौदा झालेले दिवस एकशे अठ्ठ्याऐंशी. उरलेल्या तीनशे चार दिवशी एकही शेअर हातातून हातात गेलेला नाही. त्या दिवशी भावाच्या रकान्यात आदल्याच दिवसाचा भाव पुन्हा छापलेला. बाजार वर गेला, शेअर जागच्या जागी. बाजार आपटला, शेअर जागच्या जागी. माझ्या गणिताने निष्कर्ष काढला की शेअर मोठा धीराचा आहे. तो धीराचा नव्हता, त्याच्याकडे कुणी फिरकतच नव्हतं.

ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. मी त्यांच्या पेपरांवर लाल शाईने लिहिलेलं आहे, 'सौदे किती झाले ते आधी बघा.' मग मी का नाही बघितलं? प्रामाणिक उत्तर असं की आकडा मला आवडला. साहेबांना त्यांचा दीड आवडला, मला माझा पॉइंट सहा. फरक असलाच तर एवढाच की मला माझा निर्मळ वाटत होता.

पाच वर्षांचे महिन्याचे भाव घेऊन पुन्हा केलं. महिन्याभरात दोनचार सौदे तरी होतातच. बीटा आला पॉइंट पंच्याण्णव. परतावा १२.७. किंमत एकशे अडतीस.

तीन वेळा केलं. एकशे अडतीस.

त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे चव्वेचाळीस रुपये कमी केले. आणि त्याला त्याचा पत्ता नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता.

"साहेबांना कळलीय ही चूक?"

"नाही. त्यांनी तक्ता उघडलेला नाही. ते यादीवरच बसलेत."

"मग गप्प बस ना. ते शंभर म्हणणार, तू एकशे ब्याऐंशी म्हण. समिती मधे कुठेतरी थांबेल. तुझ्या एकशे अडतीसच्याच आसपास."

"आणि मी खोट्यावर सही करू?"

"खोटं कसं? आलं होतं ना तुला."

"आलं होतं. आता चूक कळलीय."

त्याने देठं गोळा केली. "म्हणजे तुझ्याच बाजूच्या माणसांचं तू कमी करणार."

"माझी बाजू कुठली?" मी विचारलं. जरा जोरातच विचारलं असणार, कारण सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. त्या चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. घरात कुणाचा आवाज चढला की त्या आधी हात धुतात, मग बोलतात.

"आम्ही कापसाचे बोळे मोजायचो," हात पुसत म्हणाल्या. "आत गेले किती, बाहेर आले किती. एक कमी भरला की डॉक्टर म्हणायचे, पडला असेल कुठेतरी, टाके घाला. मी म्हणायची, नाही घालू देणार."

"मग सापडायचा का, आई?" नवऱ्याने विचारलं.

"बऱ्याचदा माझीच मोजणी चुकलेली असायची. तरी ती खाली मान घालून सांगायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा अडवायचं. दोन्ही करता आलं पाहिजे. नुसतं अडवणाऱ्या ढीगभर असतात."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना जाऊन सांगितलं. खुर्चीतून उठून त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा ओतला. "बघ, तूच म्हणतेस चुकलं. मोठं मन लागतं याला. आता घालूया दीड."

"माझं चुकलं म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही, साहेब."

चहा तसाच ठेवून आले.  वाक्य नीट आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस साहेबांची यादी सोलली. सहाही कंपन्या कर्जात बुडालेल्या, शंभर रुपये भांडवलामागे सरासरी सत्तर रुपये कर्ज. कर्ज असलं की भागधारकाचा धोका फुगतो आणि बीटाही फुगतो. आपल्या कारखान्यावर एका रुपयाचं कर्ज नाही. दुसऱ्याच्या कर्जाने फुगलेला बीटा याच्या माथी मारायचा म्हणजे शेजाऱ्याच्या तापाचं औषध याला पाजण्यासारखं आहे. कर्जाचा भाग धुऊन काढायची रीत ठरलेली आहे, साहेबांनीच मला ती शिकवली. धुऊन काढला. दीडचा झाला पॉइंट अठ्ठ्याण्णव.

पॉइंट पंच्याण्णव, पॉइंट अठ्ठ्याण्णव. दोन वेगळ्या वाटांनी गेले आणि एकाच गल्लीत निघाले. खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरच्या गच्चीवर एक माणूस गादी बडवत होता. मीही काहीतरी बडवावं असं वाटलं.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद वाचलाच नाही. आवाज मात्र पहिल्यांदा खाली गेला. "हे बघ. या घराण्याच्या आणखी चार कंपन्या आहेत आपल्याकडे. मी काही चोर नाही. तेवीस माणसं जेवतात या ऑफिसवर."

मला त्यांची दया आली. हेही लिहिलं पाहिजे. दया आली, आणि तरी मी म्हणाले, "तुमच्या नावाने सही करा मग. दीडवर. मी तुम्हाला अडवणार नाही."

"सही तुझीच ठरलीय."

"मग आकडाही माझाच."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. स्वतःची सही करायला ते एवढे का कचरतात कळत नाही. वय झालं असावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल संपला. एकोणपन्नास पानं. शेवटी दोन परिशिष्टं जोडली. एकात साहेबांची यादी, जशीच्या तशी, आणि ती का चालत नाही. दुसऱ्याचं शीर्षक असं: 'मूल्यमापकाची पहिल्या हिशेबातील चूक.' त्यात पॉइंट सहा, एकशे ब्याऐंशी, तीनशे चार दिवस, सगळं. दुसऱ्याचं उघडं पाडायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे जमलं नाही. जमलं असतं तर रात्री झोप चांगली लागली असती की वाईट, हा विचार करून पाहिला. उत्तर आलं नाही, म्हणून परिशिष्ट ठेवलं.

आमच्या नेमणूकपत्रात एक कलम आहे. सही केलेला अहवाल मूल्यमापकाने स्वतः समितीच्या सचिवांच्या हाती द्यावा. कुणीही पाळत नाही. अहवाल आधी साहेबांच्या टेबलावर जातो, मग शिपाई नेतो. मी कलम पाळलं. दोन बस बदलून गेले, पोच घेतली, तारीख-वेळेसकट शिक्का मारून घेतला.

परत आल्यावर साहेबांच्या पुढ्यात पोच ठेवली. ते म्हणाले, "राजीनामा लिहून दे. शोभेल तुला."

"मी नाही देणार. काढायचं तर काढा. पण काढण्याचं कारण कागदावर लिहा, आणि खाली तुमची सही करा."

 मी खोलीत येऊन दुसऱ्या कामाची फाईल उघडली आणि साडेसहापर्यंत एकच पान वाचत बसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली गेली. पाटीही. पुन्हा झेरॉक्स मशीनच्या बाजूला. तशी खोली मला फार मोठीच होती. देताना साहेबांच्या मनात काही नसणार, वाईट वाटतं ते एवढंच की आता मला बघून ते दुसऱ्या जिन्याने जातात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज समितीची बैठक. तीन सदस्य, एका बाजूला मालकांचे वकील, दुसऱ्या बाजूला मी. साहेब आले नाहीत.

वकिलांनी थेट दुसरं परिशिष्टच उघडलं. "मॅडम, एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतर आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक केलीत, असं आपणच लिहिलंय."

"हो."

"मग याही आकड्यात चूक नसेल कशावरून?"

"असू शकेल. म्हणूनच तक्ता जोडलाय, सौद्यांच्या रकान्यासकट. चूक दाखवा, मी इथेच दुरुस्त करते. तुम्ही मागता त्या दीडची नुसती यादी आहे, तिचा तक्ता मात्र कुणी जोडलेला नाही. त्यात चूक आहे की नाही ते बघताही येत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. वकिलांना विचारलं, "जोडणार आहात का?"

वकील म्हणाले, अशिलांशी बोलून सांगतो. अध्यक्ष म्हणाले, बाहेर जाऊन बोला, आम्ही बसलोय. ते पंचवीस मिनिटांनी परत आले. तक्ता नव्हता.

एकशे अडतीस. तिघांचंही एकमत. कागदावर आलं, सह्या झाल्या.

मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. फक्त भूक लागल्याचं जाणवलं.

बाहेर व्हरांड्यात भट्टीकाका बाकावर बसले होते. दर त्यांना कळला होता. शेजारची जागा त्यांनी मला दिली नाही, आणि मीही बसले नाही. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कामगारांनी आपसात वर्गणी काढून एका हिशेबनिसाकडून आकडा काढून घेतला होता. रोजचे भाव, दोन वर्षं, बीटा पॉइंट सहा. किंमत एकशे ब्याऐंशी. माझाच हिशेब, दुसऱ्याच्या अक्षरात.

"हे चुकीचं आहे का, मॅडम?"

मागच्या वेळी ते ताई म्हणाले होते.

"हो, काका. चुकीचं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

खरं उत्तर जिभेवर होतं. तुम्हीच सांगितलंत. बारा दिवस गिऱ्हाईक नव्हतं म्हणालात ना, तिथून कळलं. ते मी बोलले नाही. म्हटलं, "सौदे फार कमी झालेत, त्यामुळे." हे खोटं नाही. पण मी आज अर्धंच बोलले, आणि तेही त्या एका माणसाशी, ज्याच्याशी पूर्ण बोलणं सगळ्यात गरजेचं होतं. साहेबांसमोर, वकिलांसमोर जीभ अडखळली नाही. इथे अडखळली.

"मालक शंभर देणार होते असं ऐकलं," ते म्हणाले.

"हो."

"मग तुम्ही अडतीस वाढवलेत की चव्वेचाळीस कमी केलेत, हे मी खाली जाऊन लोकांना काय सांगू? शंभरएक माणसं उभी आहेत गेटपाशी."

"दोन्ही सांगा."

"दोन्ही कोण ऐकून घेतं?" कागदाची घडी तशीच घालून त्यांनी खिशात ठेवली आणि जिना उतरले. मी खिडकीतून पाहिलं. गेटपाशी त्यांच्याभोवती माणसं गोळा झाली. ते बोलत होते, हात हलत होते, काय बोलले ते ऐकू आलं नाही. कुणीतरी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरकले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी फक्त विचारलं, "मोजणी जुळली?"

"मोजणी जुळली, आई. सांगायचं राहिलं."

"मग अजून टाके नाही घालायचे," म्हणाल्या, आणि ताट वाढलं.

भट्टीकाका पुन्हा ऐकून घेणार नाहीत, कदाचित दारही उघडणार नाहीत. न उघडू देत. त्या दिवशी त्यांनी जे वाक्य उच्चारलं त्याने काय झालं, हे जाणण्याचा हक्क समितीपेक्षा त्यांचा मोठा आहे. चिडले तर चिडोत. मला ताई म्हणावं म्हणून मी जात नाही.

उद्या: सौद्यांच्या रकान्यासकट तक्ता छापून घेऊन सकाळी भट्टीकाकांच्या घरी जाणे.